भाचीची हजेरी

सिद्धाप्पानं आयुष्यात एकच पत्र मन लावून लिहून घेतलं, आणि त्याच पत्रानं भाचीचं परदेशी जाणं बुडवलं.

विजापूर रोडवर, जुळे सोलापूरच्या तोंडाशी त्याचं ‘हॉटेल मायाक्का’ आहे. मटण, कडक भाकरी, शेंगाचटणी. बाकी फारसं काही नाही आणि लागतही नाही. रविवारी जुळे सोलापुरातली नोकरदार मंडळी स्कूटरवर पोरंबाळं घालून येतात आणि टेबल रिकामं होईपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली उभी राहतात. त्या गर्दीत कुणाला आधी बसवायचं, कोण रश्शासाठी भांडणार, कोण गप्प जेवून जाणार आणि पुन्हा येणार नाही, हे सगळं ओळखून सांभाळायची ती सृष्टी. सिद्धाप्पाच्या थोरल्या बहिणीची, चंद्रव्वाची मुलगी. बाप लवकर गेला. बारावीनंतर हॉटेलच्या कोर्सला म्हणून ती अक्कलकोटाकडच्या गावाहून मामाकडं आली, कोर्स संपला आणि ती राहिलीच. ‘राहा’ असं तिला कुणी म्हणालं नाही, ‘जा’ असंही नाही. घरचंच हॉटेल, घरचीच पोरगी, विचारायचं कुणी कुणाला?

परदेशाचं तिनं स्वतःच शोधून काढलं. सात रस्ता चौकात एक ऑफिस आहे, रीतसर परवानगी असलेलं, परदेशी हॉटेलांना इथली माणसं मिळवून देणारं. तिथल्या समरा मॅडमनं तिला नीट समजावलं होतं, की आधी तिकडच्या हॉटेलनं पसंत करायचं, मग त्यांनीच कामाचा परवाना मागायचा, मग व्हिसा. मधले दलाल नकोत, आडमार्गाच्या उड्या नकोत. क्रोएशियात समुद्राकाठच्या एका हॉटेलात, जेवणाच्या हॉलमध्ये काम होतं. मोबाइलवर मुलाखत झाली. सृष्टी इंग्रजीत बोलली, दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा हसली, आणि त्यांनी तिला पसंत केलं. राहिलं होतं ते फक्त ती आता जिथं काम करते तिथल्या मालकाचं पत्र. ते मालकानंच थेट तिकडं पाठवायचं होतं.

“तेवडं माज्यावर सोड,” सिद्धाप्पा म्हणाला.

तिनं जावं असं त्याला वाटत नव्हतं. पण जाणारच असेल तर मानानं जावी, एवढं त्याला वाटत होतं. तो कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडं गेला, चहा मागवला आणि बसला.

टायपिंगवाला रोज अशी पत्रं काढत असावा. त्यानं न बघताच विचारलं, “कामाला होती म्हणून लिहू?”

“कामाला?” सिद्धाप्पाचा पारा चढला. “भाची हाय माजी. सख्ख्या भैनीची पोर.”

“मग काय लिहू?”

सिद्धाप्पानं छाती पुढं काढून सांगितलं, “मालकीण लिवा.”

आणि टायपिंगवाल्यानं लिहिलं. कुमारी सृष्टी ही हॉटेलची भागीदार आणि मालकीण असून, ती कोणाच्याही चाकरीत नाही. चांगल्या घरातली आहे, तिला तसाच मान मिळावा. खाली सही, हॉटेलचा शिक्का. टायपिंगवाल्यानंच ते तिथल्या तिथं ईमेलनं पाठवून दिलं. सिद्धाप्पा घरी आला तो हवेत चालत आला.

त्याला हसण्याचं कारण नाही. बहिणीची लेक म्हणजे काय, हे ज्याच्या घरात बहिणी आहेत त्याला सांगावं लागत नाही. तिच्या लग्नात अंतरपाटापाशी मामाच उभा राहतो. तिच्याकडून काम करून घ्यायचं, ठीक आहे; घरात कोण काम करत नाही? पण तिला चार लोकांत नोकर म्हणायचं म्हणजे बहिणीच्या तोंडात मारण्यासारखंच. आता हेही खरं की हॉटेलचा परवाना सिद्धाप्पाच्या नावावर आहे, आणि पुढं तो पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या त्याच्या मुलाच्या, अजिनाथच्या नावावर होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कागदावर भाचीला मालकीण करायला त्याचं काही गेलं नव्हतं. पण तेव्हा त्याच्या हे ध्यानातही आलं नाही. त्यानं मनापासून लिहून घेतलं होतं.

समरा मॅडमनं दोघांनाही बोलावून घेतलं तेव्हा सिद्धाप्पा इस्त्रीचा सदरा घालून गेला.

“काका, पत्र तुम्हीच पाठवलंत ना?”

“व्हय. कसं हाय?”

“पत्र चांगलं आहे. पण त्या पत्रामुळंच फाईल परत आली.” समरानं कॉम्प्युटर त्यांच्याकडं वळवला. “सृष्टीनं अर्जात लिहिलंय, मी या हॉटेलात कामाला आहे. तुम्ही लिहिलंय, ती मालकीण आहे, कुणाच्या चाकरीत नाही. त्यांना वाटलं, दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय. आणि मालकीण असेल तर तिचा नोकरीचा अनुभव कुठला?”

सृष्टीनं ते पत्र तेव्हा पहिल्यांदा वाचलं. वाचता वाचता तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“मग दुसरं देतो की लिवून,” सिद्धाप्पा घाईनं म्हणाला. “ती... आपलं... कामाला हाय म्हनून.” नोकर हा शब्द त्याच्या घशातून वर येईना.

“नुसतं लिहून आता भागणार नाही, काका. तिला पगार कशात देता? बँकेत जातो का? हजेरी लावता?”

“पगार? भाचीला?” त्यानं समराकडं असं बघितलं की जणू तिनं शिवीच दिली. “दिवाळीला कानातलं केलं. गाडी घेऊन दिली. कोर्सची फी मीच भरली. मागितलं ते दिलं, इचारा तिला.”

“मागितल्यावर दिलंत, मामा,” सृष्टी हळूच म्हणाली.

एवढंच म्हणाली.

समरा स्पष्ट बोलणारी होती. खोटा पगार दाखवून कागद रंगवणारे हवे तेवढे भेटतील, ती म्हणाली, पण एकदा पकडलं तर या मुलीचं नाव कायमचं खराब होईल, आणि मी त्यातली नाही. खरा रस्ता एकच होता. आजपासून तिला कामावर घ्या. हजेरी, पगार, सुट्टी, सगळं इतर कामगारांसारखं. त्यांचा हंगाम उन्हाळ्याचा असतो, भरती त्याच्या आधी होते. पुढच्या भरतीला परत अर्ज करू. मुलाखत त्यांना आवडली आहे, तेव्हा आशा आहे.

“म्हंजी वरीसभर?” सिद्धाप्पानं विचारलं.

“वर्षभर,” समरा म्हणाली.

बाहेर ऊन रणरणत होतं. सिद्धाप्पाला वाईट वाटलं, हे खरं. आपल्या हातून पोरीचं काम बिघडलं याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी त्याला थोडं बरंही वाटलं, कारण ती आता कुठं जाणार नव्हती. स्वतःचं हे बरं वाटणं ओळखून त्याला पुन्हा वाईट वाटलं. “चल, रस घेऊ,” तो म्हणाला. सृष्टीनं नकारार्थी मान हलवली आणि गाडी सुरू केली.

दुपारची गर्दी ओसरल्यावर ती गल्ल्यासमोर येऊन उभी राहिली.

“मामा, मला नोकर ठेवा.”

“जीब आवर, सृष्टी.”

“मी खरंच म्हणतीय.”

“गावाकडं तोंड दावू का नगं मी? लोक काय म्हनतील? बापाविना पोर, मामानं राबायला ठिवली?”

“लोक म्हणतील,” ती म्हणाली. “पण मामा, शिवशरण काम सोडून गेला होता, तवा तुमी काय म्हणालात त्याला?”

शिवशरण म्हणजे भट्टीवरचा माणूस. मटण त्याच्या हातचं. एकदा तो मोडनिंबच्या धाब्यावर गेला होता, एकदा पुण्याला, आणि दोन्ही वेळा परत आला होता.

“काय म्हननार? जा म्हनालो. नोकर मानूस, आज हितं, उद्या तितं.”

“मग मी कशी जाऊ?” सृष्टीचा आवाज कापला. “मला सोडायला नोकरीच न्हाय.”

“तू कशाला सोडतीस? तुजंच हाय की हे समदं!”

“माझं हाय तर मला एक दिवस सुट्टी का न्हाय, मामा?”

तेवढ्यात दारात एक कुटुंब आलं आणि ती वळून त्यांना बसवायला गेली. हसून गेली. कामाचं हसू आणि आपलं हसू तिनं कधीच वेगळं करून ठेवलं होतं, आणि मामाला ते इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

सिद्धाप्पा दोन दिवस घुम्यासारखा बसून होता. गिऱ्हाइकांशी बोलेना, बायकोवर उगाच खेकसला. त्याला राग आला होता, आणि कुणावर काढावा ते कळत नव्हतं. समरावर काढावा तर ती खरं बोलली होती. पोरीवर काढावा तर तिचं चुकलं काय? शेवटी तो भट्टीपाशी गेला आणि शिवशरणच्या शेजारी पाटावर बसला.

“तू का रं गेला हुतास त्यावेळी?”

शिवशरणला वाटलं, आता जुनं उकरून काढतात. तो सावधपणे म्हणाला, “कटाळलो हुतो, मालक.”

“आन परत का आलास?”

शिवशरणनं पळी झटकली. जरा विचार केला. “तुमी आडवलं न्हाय म्हनून. आडवलं आसतं तर भांडून गेलो आसतो. मग तोंड न्हाय दावता येत परत.”

सिद्धाप्पानं जाळात एक लाकूड सारलं. मग उठला, पायात चपला सरकवल्या आणि स्टेशनरीच्या दुकानातून हजेरीचं पुस्तक घेऊन आला. शिवशरणचं नाव लिहिलं. भाकरीवाल्या बायकांची लिहिली, भांडी घासणाऱ्याचं लिहिलं. त्याच्याखाली सृष्टीचं लिहायला पेन टेकवलं आणि हात थांबला. आपण काहीतरी पाप करतोय, असं त्याला अगदी खरंखरं वाटलं. मग त्यानं लिहिलं.

नोकर ठेवणं त्याला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. पहिल्याच सोमवारी तिची साप्ताहिक सुट्टी आली. सोमवारी मटण खाणारे कमी, म्हणून तो दिवस धरला होता. तरीही हॉटेलची त्रेधा उडाली. पार्सलची पिशवी भलत्याच्या हातात गेली, एका म्हाताऱ्याला तिखट रस्सा गेला, आणि भाकरीचं पीठ संपल्याचं कुणी सांगितलंच नाही, कारण सांगणारी घरी झोपली होती. सिद्धाप्पा संध्याकाळी घामानं निथळत गल्ल्यावर बसला आणि त्याला कळलं, की ही पोरगी काय काय करत होती याची आपण कधी चौकशीही केली नव्हती. घरच्या माणसाच्या कामाला कुणी काम म्हणत नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. कामगार जेवायला बसायचे ते दुपारी, ठरलेल्या वेळी, गर्दी असो नसो. सृष्टी इतकी वर्षं सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, घरच्या बाईसारखी, राहिलेल्या रश्शात भाकरी कुस्करून. आता ती कामगारांबरोबर वेळेवर ताट घेऊन बसायला लागली. पहिल्या दिवशी मामीला ते खटकलं. सिद्धाप्पालाही खटकलं. पण गरम भाकरीचा पहिला घास घेताना पोरीचा चेहरा त्यानं बघितला आणि बायकोला म्हणाला, “आसू दे.”

एकदा ती सुट्टीनंतर उशिरा आली. शिवशरण आणि भाकरीवाल्या बायका कान टवकारून बघत राहिल्या, की मालक आता काय करतात. सिद्धाप्पाची पंचाईत झाली. दुसरा कुणी असता तर त्यानं सगळ्यांसमोर झाडला असता. तो गल्ल्यातून उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, “ही काय येळ झाली यायची?” सृष्टी म्हणाली, “चुकलं. परत न्हाय होणार.” आणि कामाला लागली. त्या दिवशी सिद्धाप्पाला भाकरी गोड लागली नाही. पण बाकीच्या कामगारांचं सृष्टीशी वागणं त्या दिवसापासून मोकळं झालं. आधी ते तिच्यासमोर मालकाची निंदा करायचे नाहीत. आता करायला लागले, आणि ती त्यात भर घालायला लागली.

गावाकडं बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. चंद्रव्वा एसटीनं आली ती सरळ हॉटेलात. पाणीही घेतलं नाही.

“सिद्धू, माज्या लेकीला नोकर केलास?”

हॉटेलात गिऱ्हाईक होतं. सिद्धाप्पा खाली मान घालून उभा राहिला. याच घटकेला तो भीत आला होता.

“शिकायला पाठिवली हुती तुज्याकडं. भाऊ हाय म्हनून निर्धास्त हुते. आन तू तिला हजेरी लावतुस?”

“मीच लावायला सांगितली, आई,” सृष्टी मधे पडली. तिनं आईला आत नेलं, मामीच्या समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पत्राचं, फाईलचं, वर्षाचं. चंद्रव्वाला त्यातलं परदेशी हॉटेलाचं अर्धंच कळलं. पण एक प्रश्न तिनं नेमका विचारला.

“म्हंजी ह्येच्या आदी तुला ह्यो काय देत न्हवता?”

सृष्टीनं नजर खाली केली. सिद्धाप्पा दारातच उभा होता. चंद्रव्वानं भावाकडं बघितलं. ती पुन्हा ओरडेल असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “मीबी कदी इचारलं न्हाय की.” मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पाणी मागितलं. जाताना शिवशरणला म्हणाली, “सांबाळून घे रं हिला, नवी हाय कामाला.” शिवशरण हसला. सिद्धाप्पाला मात्र हसू आलं नाही.

वर्ष सरलं. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी येऊन गेली, पुन्हा अर्ज गेला. या वेळच्या पत्राचा मसुदा सृष्टीनं करून दिला आणि सिद्धाप्पानं त्यातलं अक्षरही बदललं नाही. तरी आधीच्या पत्रामुळं तिकडच्या हॉटेलला शंका होतीच. मालकाशी समोरासमोर बोलायचं, असं त्यांनी कळवलं.

एका गुरुवारी दुपारी समराचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याच शेजारच्या चौकटीत सोनेरी केसांची एक बाई होती, तिकडच्या हॉटेलची. सिद्धाप्पानं मोबाइल बडीशेपेच्या डब्याला टेकवून गल्ल्यावर उभा केला. सृष्टी पाच नंबरच्या टेबलावर भाकरी वाढत होती. कान इकडंच होते. ती बाई बोलायची, समरा मराठीत सांगायची.

“काका, त्या विचारताहेत, सृष्टी तुमच्याकडं कोण आहे? मागच्या वेळी तुम्ही मालकीण लिहिलं होतं.”

सिद्धाप्पानं सदऱ्याची कॉलर नीट केली. हॉटेलात चार गिऱ्हाईकं होती, त्यातली दोन ओळखीची, जुळे सोलापूरची.

“चुकून लिवलं हुतं. भाची हाय, म्हनून वाटलं तसं,” तो म्हणाला. मग मोठ्यानं, भट्टीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाला, “ती नोकर हाय. माज्या हॉटेलात नोकर हाय.”

पृथ्वी दुभंगली नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकानं मान वर केली आणि पुन्हा रश्शात घातली.

“कामाला कशी आहे?”

“चांगली. गिऱ्हाईक तिचं आयकतं. हिशोबाला चोख. एकदा उशिरा आली हुती.” समरानं हे शेवटचं सांगितलं की गाळलं, ते त्याला कळलं नाही, पण ती बाई हसली.

मग तिनं शेवटचं विचारलं. समरा जरा थांबून म्हणाली, “त्या विचारताहेत, ती काम सोडून गेली तर तुमची काही हरकत आहे का?”

सिद्धाप्पानं हॉटेलभर नजर फिरवली. हरकत? रविवारी त्या गर्दीत कोण उभं राहणार? संध्याकाळी गल्ला बंद करताना समोर बसून दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला कोण करणार? मामी कुणाला हाक मारणार? त्याच्या शंभर हरकती होत्या आणि त्यातली एकही खोटी नव्हती.

“मामा म्हनून इचारत्यात का मालक म्हनून?”

समरानं तसं विचारलं. पलीकडून उत्तर आलं. “मालक म्हणून, काका. मामाचं त्यांना काही लागत नाही.”

“मग न्हाय,” सिद्धाप्पा म्हणाला. “हरकत न्हाय.”

ती बाई काहीतरी लिहिताना दिसली, मान डोलावून निघून गेली. समरा म्हणाली, “झालं काका. आता अडचण नाही. परवान्याचं ते बघतील.” आणि मोबाइलचा पडदा काळा झाला.

सृष्टी भाकरीची टोपली हातात तशीच धरून गल्ल्यापाशी आली. सगळं ऐकलं असूनही तिला ते पुन्हा ऐकायचं होतं, किंवा दुसरंच काहीतरी ऐकायचं होतं. लहानपणी यात्रेला जाताना विचारायची त्याच सुरात तिनं विचारलं, “मामा, मग मी जाऊ?”

“मला काय इचारतीस?” सिद्धाप्पा म्हणाला. “नोकर हाईस तू हितली. लिवून द्यायचं आन जायाचं.”

बोलता बोलता त्याचा आवाज फुटला, आणि पाच नंबरच्या टेबलावरचं गिऱ्हाईक भाकरी मोडायची थांबून त्याच्याकडं बघायला लागलं.